सप्टेंबर उजाडेपर्यंत

मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या गावाबाहेरच्या माळावर दरवर्षी दसऱ्यानंतर फासेपारध्यांची तीन-चार पाले उतरत. गाव तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातले, आताच्या वाशीममधले. त्या पालांतले एक म्हातारे गृहस्थ तितर आणि बटेर घेऊन आमच्या वाड्यावर येत. आम्ही मुले त्यांना पारधीबाबा म्हणत असू. त्यांच्या झोळीत फासांची गुंडाळी असे. एका लांब दोरीला बांबूच्या बारीक खुंट्या बांधलेल्या आणि प्रत्येक खुंटीला घोड्याच्या शेपटीच्या केसांचा एकेक फास. तो केस उन्हात धरला तर चमके, पण गवतात टेकवला की दिसेनासा होई. मला तो फार आवडत असे, आणि बाबा मला तो बोटाभोवती गुंडाळून पाहू देत.

एका फाल्गुनात त्यांनी आणलेल्या पाखरांतली एक मादी त्यांनी झोळीतून काढली, तिच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि आईला म्हणाले, "इच्या पोटात अंडं हाये माय, इले देत नाई." परसात जाऊन त्यांनी तिला कुंपणापलीकडे सोडून दिले. आईने त्या पाखराचे पैसे कापले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुढे मोठेपणी वाचनात आले की फासेपारध्यांमध्ये फासात सापडलेल्या गाभण हरिणी आणि पाडसे सोडून देण्याची रीत होती आणि अभ्यासकांनी तिची नोंदही केलेली आहे. तेव्हा मात्र मला ते केवळ एका म्हाताऱ्या माणसाच्या मनाचे औदार्य वाटले होते.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षे झाली असावीत. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जीपमधून आलेल्या सरकारी माणसांनी पारधीबाबांना आमच्या गल्लीच्या तोंडाशी धरले. त्यांच्याजवळ सात तितर होते. दोन आधीच आमच्या स्वयंपाकघरात पोचले होते. वडील ओसरीवर उभे होते. त्यांनी सगळे पाहिले आणि ते आत आले. रात्री चुलीवर तितराचा रस्सा होता आणि आम्ही तो जेवलो. पारधीबाबा नंतर आमच्याकडे कधी आले नाहीत.

ही आठवण मी चाळीस-बेचाळीस वर्षे कोणाला सांगितली नव्हती. ती पुन्हा वर आली अलास्कात, 2018 च्या मे महिन्यात. माझी भाची अँकरेजच्या एका रुग्णालयात नोकरी करते आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. शहराच्या दक्षिण टोकाला पॉटर मार्श नावाची एक दलदल आहे, तिच्यावरून लाकडी पायवाट नेलेली आहे. तिथे मी रोज सकाळी जाऊन बसत असे. अजून गवत पिवळेच होते, कडेच्या सावलीत बर्फाचे मळकट ढिगारे उरलेले होते आणि त्या उजाड पाण्यावर रानहंसांचे थवे उतरत होते. सहा महिने ज्या प्रदेशात पाखराचा आवाज क्वचितच ऐकू येतो, तिथे एका आठवड्यात आभाळ बोलू लागते, याचा अर्थ मला तिथे बसल्यावर कळला. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर माणसांच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते तिथे हंसांच्या पहिल्या हाकेला दिसते.

भाचीची एक सहकारी, अलास्कातल्या मूळ रहिवाशांपैकी युपिक समाजातली, युकॉन आणि कस्कोक्विम या दोन नद्यांच्या मुखाशी पसरलेल्या त्रिभुज प्रदेशातल्या एका लहान गावची. ती एका रविवारी जेवायला आली, तेव्हा काचेच्या बरणीत हंसाचे सूप घेऊन आली. तिच्या भावाने त्याच वसंतात, गावाकडे, मारलेला हंस. सुपात कांदा आणि तांदूळ होता. वर पिवळ्या चरबीचे मणी तरंगत होते. मी पक्षी पाहणारी बाई. विणीच्या वाटेवर असलेला पक्षी मारायचा नाही, हा माझ्या लेखी पक्षी-संरक्षणाचा पहिला धडा. बरणीकडे पाहून माझा हात थबकला आणि तिने ते पाहिले. रागावली नाही. एवढेच म्हणाली की आमच्याकडे वसंतात पाखरू मारणे माझ्या आयुष्यातली बरीच वर्षे गुन्हा होता, आणि तरीही आम्ही ते दर वसंतात खात आलो. आता तो गुन्हा नाही, आणि आता आम्ही पूर्वीपेक्षा कमी मारतो.

या वाक्याच्या दोन टोकांची गाठ कशी बसते, हे समजून घेण्यात माझे उरलेले तीन आठवडे गेले. मी वाचनालयात जात राहिले आणि ती सुट्टीच्या दिवशी येऊन मला समजावत राहिली.

सगळ्याच्या मुळाशी 1916 सालचा एक करार आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांनी स्थलांतरित पक्ष्यांसाठी तो केला आणि 1918 साली अमेरिकेत त्याचा कायदा झाला. तो का झाला, हे समजून घेतल्यावाचून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. टोप्यांवरच्या पिसांसाठी बगळ्यांच्या वसाहती उजाड झाल्या होत्या, बाजारात विकण्यासाठी गाडे भरभरून बदके मारली जात होती, आणि एके काळी आभाळ झाकणाऱ्या प्रवासी पारव्यांतली शेवटची मादी 1914 साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात मेली होती. दक्षिणेकडचे हौशी शिकारी उत्तरेकडे विणीला निघालेल्या थव्यांवर वसंतात बंदुका चालवत. म्हणजे एक पाखरू मारताना त्याची त्या वर्षीची सगळी पिल्लेही मारत. त्यावर उपाय म्हणून करारात लिहिले गेले की 10 मार्च ते 1 सप्टेंबर या काळात शिकार बंद. उपाय योग्यच होता. ज्या प्रदेशासाठी तो मनात धरला होता, त्या प्रदेशासाठी आजही योग्य आहे.

पण अलास्काच्या उत्तर टोकाला, 71 अंश उत्तर अक्षांशावरच्या बॅरो गावात, ज्याने 2016 साली मतदान करून उत्किआग्विक हे आपले जुने नाव परत घेतले, तिथे आयडर बदके येतात मे महिन्यात, समुद्रावरच्या बर्फाला भेगा पडून पाणी उघडे होते तेव्हा. हिवाळ्याचा साठा तोवर तळाला गेलेला असतो. आणि 1 सप्टेंबर उजाडेपर्यंत बहुतेक पाखरे निघून गेलेली असतात. म्हणजे कायद्याने जो हंगाम उघडा ठेवला, त्यात तिथे पाखरू नाही, आणि पाखरू येते तो हंगाम कायद्याने बंद केलेला. करार लिहिणाऱ्यांना उत्तरेकडच्या लोकांची आठवणच झाली नव्हती, असेही म्हणता येत नाही. एस्किमो आणि इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी, लोकांनी पफिन, ऑक, मर असे समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी अन्नासाठी कोणत्याही ऋतूत घ्यावीत, पण विकू नयेत, अशी सवलत त्यात आहे. बहुतेक बदके आणि सगळे हंस, ज्यांवर उत्तरेकडची कितीतरी गावे वसंत काढत, ते मात्र त्या यादीत नाहीत. यादी करताना एकाही गावाला विचारले असते, तर पुढची ऐंशी वर्षे वाचली असती.

कित्येक दशके कायदा कागदावर राहिला, कारण इतक्या दूर तो राबवायला कोणी जात नव्हते. 1959 साली अलास्का राज्य झाले आणि नंतर तिकडे अंमलबजावणी सुरू झाली. 1961 च्या मे महिन्यात बॅरोमध्ये बदके मारल्याबद्दल पकडल्या गेलेल्यांत जॉन नुसुंगिन्या होते, जे स्वतः राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते. त्यानंतर जे घडले ते तिथे 'डक-इन' या नावाने ओळखले जाते. गावातली 138 माणसे हातात एकेक आयडर बदक घेऊन अधिकाऱ्यापुढे येऊन उभी राहिली आणि प्रत्येकाने लिहून दिले की हे बदक माझ्याजवळ आहे, मलाही पकडा. गावच्या न्यायदंडाधिकारी सेडी नीकॉक स्वतः इनुपिआक, म्हणजे तिथल्याच मूळ रहिवासी समाजातल्या, होत्या आणि या प्रकारामागे त्यांचा सल्ला होता, असे तिथे सांगतात. अखेर कोणावरही खटला चालला नाही.

मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्या माणसांनी लपवण्याचे नाकारल्याची गोष्ट. मे महिन्याच्या अखेरीस तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्रीच्या आडोशाने काही करण्याची सोयही नव्हती, हे खरे. पण दाराआड सूप शिजवून गप्प राहणे त्यांना सहज शक्य होते, आणि आमच्या घरासारखी घरे जगात सगळीकडे तेच करतात. त्यांनी गुन्ह्याची वाटणी करून घेतली. पाखरू मारणाऱ्या एकाला पकडून नेऊ देण्याऐवजी ते खाणारे सगळे पुढे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस इनुपिआक लोकांची संघटना उभी राहिली आणि 1962 साली हॉवर्ड रॉक यांच्या संपादकत्वाखाली 'टुंड्रा टाइम्स' हे वृत्तपत्र निघाले. अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या जमीनहक्काच्या चळवळीला या वृत्तपत्राने आवाज दिला, आणि त्याच्या मुळाशी ही बदकेही आहेत.

कायदा मात्र होता तसाच राहिला. अधिकाऱ्यांनी डोळेझाक करायची आणि लोकांनी गुपचूप नव्हे पण परवानगीवाचून शिकार करायची, असा एक विचित्र समझोता पुढे चालू राहिला. हा समझोता ऐकायला मवाळ वाटतो. माझ्या मते पक्ष्यांसाठी तो सर्वांत घातक होता. जी शिकार कायद्याच्या लेखी होतच नाही, तिची मोजणी होत नाही. मोजणी नाही म्हणून मर्यादा ठरत नाही. आणि शिकाऱ्याने किती मारले हे खरे सांगितले, तर तो आपल्याच विरुद्ध साक्ष देतो.

याचा परिणाम त्रिभुज प्रदेशातल्या हंसांवर दिसला. तिथे विणणारा कॅकलिंग गूज नावाचा एक लहानखुरा, आखूड चोचीचा हंस साठच्या दशकात साडेतीन लाखांहून अधिक होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो पंचवीस हजारांच्या आसपास उरला. ब्रँट, पांढऱ्या कपाळाचा हंस आणि एम्परर गूज या तिथल्या इतर हंसांचीही पीछेहाट झाली होती. मग दोषारोप सुरू झाले. कॅलिफोर्नियातले शिकारी म्हणाले की हे लोक वसंतात घरट्यांतली अंडी उचलतात आणि पिसे झडलेले, उडता न येणारे हंस धरतात. युपिक लोक म्हणाले की हे हंस हिवाळा तुमच्याकडे काढतात आणि तिथे तुम्ही ते हौसेखातर मारता, आम्ही मात्र शतकानुशतके खात आलो तरी ते संपले नव्हते. दोन्ही बाजूंचे थोडेथोडे खरे होते. कोल्हेही अंडी खात होते, पण त्यांना करार करायला बोलावता येत नाही.

1984 साली हूपर बे या गावाच्या नावाने ओळखला जाणारा करार झाला आणि पुढच्या वर्षी त्याचा विस्तार झाला. गावपरिषदांच्या प्रमुखांची संघटना, केंद्राचे मत्स्य व वन्यजीव खाते, अलास्काचे आणि कॅलिफोर्नियाचे खाते असे सगळे एकत्र बसले. युपिक गावांनी कॅकलिंग हंस मारणे आणि त्याची अंडी घेणे थांबवले. बाकीच्या हंसांची अंडी न घेण्याचे आणि विणीच्या, पिल्लांच्या आणि पिसे झडण्याच्या काळात शिकार न करण्याचे मान्य केले. बदल्यात कॅलिफोर्नियाने आपल्याकडची कॅकलिंग हंसांची हिवाळी शिकार बंद केली. एकाच पाखराच्या प्रवासाची दोन्ही टोके एका कागदावर आली, आणि उत्तरेकडच्या गावाला प्रथमच असे वाटले की आपल्या ताटातून जे निघाले ते दुसऱ्या कोणाच्या ताटात जाऊन पडणार नाही.

सूप आणणारी ती युपिक मैत्रीण सांगत होती की तिच्या आजीला हे पटायला दोन वर्षे लागली. वसंतात घरट्यातली अंडी आणणे हे बायकांचे आणि मुलांचे काम, तो त्यांचा आनंदाचा दिवस. गावातल्या सभेत गावचीच माणसे उठून युपिक भाषेत बोलली, हंसांचे आकडे सांगितले, तेव्हा आजी घरी येऊन म्हणाली की यंदा आपण घरट्यांकडे फक्त पाहायला जायचे. सगळ्यांनी असेच केले का, असे मी विचारले. ती म्हणाली, नाही. पण ज्याने अंडी आणली त्याला ती शेजारी वाटता येईनात, आणि आमच्याकडे न वाटता खाणे फार लाजिरवाणे असते. पहिले पाखरू घरात शिजत नाही, म्हाताऱ्यांच्या घरी जाते.

त्या कराराला कोर्टात आव्हान मिळाले, ते हौशी शिकाऱ्यांच्या बाजूच्या संघटनांकडून, आणि 1987 साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. 1916 चा करार वसंतातली शिकार बंद करतो, त्यामुळे कोणत्याही खात्याला अशा समझोत्याने ती मान्य करता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. कायद्याच्या अक्षरापुरते न्यायालय बरोबर होते, असे मलाही वाटते. म्हणजे स्थिती अशी झाली की जो करार कायद्याला मान्य नव्हता तो गावे पाळत होती, आणि हंस वाढत होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅकलिंग हंस दोन लाखांच्या पुढे गेले. पुढे ते हिवाळ्यात ऑरेगनमधल्या विलामेट खोऱ्यात इतके उतरू लागले की तिथले शेतकरी आपले गवताचे पीक खाल्ले जाते म्हणून तक्रार करू लागले.

शेवटी कायद्यालाच हलावे लागले. 1995 साली कॅनडाबरोबर आणि 1997 साली मेक्सिकोबरोबर करारांत दुरुस्तीचे मसुदे झाले, 1997 सालीच अमेरिकी सिनेटने त्यांना मान्यता दिली, आणि अलास्कात केंद्र, राज्य आणि मूळ रहिवासी यांच्या प्रतिनिधींची एक संयुक्त परिषद स्थापन झाली. 2003 च्या वसंतात पहिला कायदेशीर हंगाम आला: 2 एप्रिल ते 31 ऑगस्ट, मध्ये विणीसाठी तीस दिवस बंदी. डक-इनला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती. कुरबुरी तरीही राहिल्या. पोटासाठी शिकार करणाऱ्यालाही शिकारीचे डाक-तिकिटासारखे सरकारी तिकीट विकत घ्यावे लागे. ती अट खेड्यांतल्या अशा शिकाऱ्यांसाठी 2014 च्या कायद्याने गेली. स्टेलर्स आयडर हे दुर्मीळ, संरक्षित बदक बॅरोजवळ चुकून किंवा बेफिकिरीने मारले जाते, ही चिंता आजही आहे, कारण उडत्या थव्यात ते वेगळे ओळखायला नजर तयार असावी लागते. त्या बाबतीत सवलत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि माझ्या त्या मैत्रिणीचेही तेच होते.

वसंतातली सगळीच शिकार मी आता क्षम्य मानते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर आफ्रिकेतून युरोपात विणीला निघालेले होले आणि लावे वसंतात मारण्याचा हट्ट आहे. युरोपच्या न्यायालयाने 2009 साली त्या देशाला दोषी ठरवले, आणि तरी एप्रिल 2015 मधल्या सार्वमतात अवघ्या बावीसशे मतांच्या फरकाने ती शिकार चालू राहिली. त्याच महिन्यात गोळी लागलेली एक खरुची शाळेच्या पटांगणात मुलांसमोर येऊन पडली आणि पंतप्रधानांना हंगाम मुदतीआधी बंद करावा लागला. परंपरेचा शब्द तिथेही वापरला जातो. पण माल्टाच्या घरांत हिवाळ्याच्या शेवटी डबे रिकामे होत नाहीत. जिथे पाखरू हे अन्न आहे आणि जिथे ते नेमबाजी आहे, त्या दोन ठिकाणांना एकच कायदा लावला, तर तो एका ठिकाणी क्रूर आणि दुसऱ्या ठिकाणी दुबळा ठरतो. अलास्काच्या गावांना कायद्यात वेगळी जागा द्यायला ऐंशी वर्षे लावणाऱ्या व्यवस्थेचा मला राग येतो तो याच कारणाने, की तिने भुकेला आणि हौसेला एका रकान्यात टाकले.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती मैत्रीण निरोप द्यायला आली. या वेळी मी सूप खाल्ले. चव दाट होती, थोडी गवताची, थोडी समुद्राची. खाताना तिने एम्परर गूजची गोष्ट सांगितली. राखाडी अंगाचा आणि पांढऱ्या डोक्याचा तो देखणा हंस 1987 पासून त्यांना बंद होता. संख्या सावरल्यावर 2017 च्या वसंतात तीस वर्षांनी तो पुन्हा खुला झाला. तिच्या भावाने एकच मारला आणि आईने तो शिजवून गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंकडे नेला. त्या बाईंना आता दिसत नाही. झाकण काढायच्या आधीच त्यांनी पाखराचे नाव सांगितले.

मग मी तिला पारधीबाबांची गोष्ट सांगितली. घोड्याच्या केसाचे फास, पोटावरून फिरवलेला अंगठा, कुंपणापलीकडे सोडलेली मादी, जीप, सात तितर. आमच्या चुलीवरचे दोनही सांगितले. ती बराच वेळ चमचा बरणीत फिरवत राहिली. मग तिने विचारले, "तुमच्या वडिलांना कोणी काही विचारले का?"

मी नाही म्हणाले.